आता नंबर कुणाचा?

माणसाला काही ना काही जमवायचा नाद असावा, याबद्दल आमच्या सेलूत दुमत नाही. आमच्या गल्लीत एका घरी निजामाच्या वेळचे हाली शिक्के आहेत, एका घरी पितळी अडकित्ते आहेत, आणि एका गृहस्थांनी १९७२ च्या दुष्काळापासूनच्या लग्नपत्रिका जपून ठेवल्या आहेत. त्या ते आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवतात. या सगळ्या संग्रहांना गावात मान आहे. माझा संग्रह जुन्या व्हिडिओ गेमचा आहे आणि त्याला तो नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस लोखंडी कपाटातून प्लॅस्टिकच्या डब्या काढून पुसत बसलेला दिसला की लोक आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या बायकोकडे बघतात. त्या बघण्यात सहानुभूती असते. ती सगळी बायकोच्या वाट्याला जाते.

संग्रह म्हणाल तर मोठा नाही. चार डबे, एकतीस कॅसेटी, सात रिमोट (त्यांतले पाच चालतात), एक बंदूक आणि हातात धरून खेळायचे दोन ब्रिक गेम. ज्यांचा या विद्येशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की ज्या चौकोनी डबीत खेळ भरलेला असतो तिला आम्ही कॅसेट म्हणायचो आणि बटणं दाबायच्या पट्टीला रिमोट. सुधारलेल्या जगात त्यांना दुसरी नावं आहेत, पण त्या नावांनी हाक मारली तर माझ्या कॅसेटी ओ देणार नाहीत.

या सगळ्या गोतावळ्याचा मूळपुरुष म्हणजे फॅमिकॉम नावाचं यंत्र. निन्टेंडो कंपनीनं ते १५ जुलै १९८३ ला जपानात विकायला काढलं. ही कंपनी १८८९ साली क्योटोत निघाली ती पत्ते छापायला. म्हणजे जुगाराचं आणि व्हिडिओ गेमचं कूळ एकच, असं जे आमचे वडील म्हणायचे, त्याला इतिहासाचा आधार आहे. त्यांना तो माहीत नव्हता हे आमचं नशीब. आपल्याकडे मूळ यंत्र फारसं कुणी बघितलं नाही. नव्वदच्या दशकात घराघरांत आले ते त्याचे सख्खे, चुलत आणि मानलेले भाऊ: समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर. शिवाय नाव नसलेले आणि नाव चुकीचं छापलेले कितीतरी. सेलूला यायचे ते रेल्वेनं, कुणाच्या तरी मामाच्या पिशवीतून, मुंबईहून नाहीतर सिकंदराबादेहून. मामा गावी येणार म्हटल्यावर आम्ही त्याच्या तोंडाकडे न बघता पिशवीकडे बघायचो.

आता समीक्षेकडे वळतो. खेळ चांगला की वाईट हे ठरवताना चित्र कसं, संगीत कसं, अवघड किती, असं बघायची जगभर रीत आहे. मला ती रीत एकांगी वाटते, कारण ती रिमोट हातात असलेल्या माणसानं पाडलेली आहे. १९९२ च्या सुमाराला आमच्या घरी डबा एक, रिमोट दोन आणि पोरं सरासरी अकरा असत. म्हणजे कोणत्याही क्षणी दोघं खेळायचे आणि नऊजण नंबर लावून बसलेले असायचे. हे नऊजण म्हणजे खरा रसिकवर्ग. नाटक कसं झालं हे आपण नटाला विचारत नाही, प्रेक्षकाला विचारतो. तसा खेळ कसा आहे हे नंबर लावून बसलेल्याला विचारावं. ज्या खेळात त्याला ओरडायला, सल्ला द्यायला, चुकीचा सल्ला द्यायला आणि "मी म्हणलो नव्हतो का" म्हणायला जागा आहे, तो थोर खेळ. ज्या खेळात तो जांभई देतो, तो खेळ चित्रानं कितीही देखणा असो, माझ्या लेखी दुय्यम.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा या दिवाळीत आला होता. कपाट उघडलेलं बघून म्हणाला, "मामा, हे सगळंच्या सगळं माझ्या मोबाईलमध्ये आहे." बघितलं तर खरंच होतं. एकतीस काय, एकतीसशे असतील. तो एकटा कोपऱ्यात बसून मारिओ खेळला आणि सात मिनिटांनी दुसरंच काहीतरी बघायला लागला. त्याच्यामागे नंबर लावून कुणी बसलेलं नव्हतं. मग तो चालू ठेवणार कुणासाठी?

मारिओचं नाव निघालंच आहे तर त्याचा निकाल आधी लावतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १३ सप्टेंबर १९८५ चा खेळ जगात सर्वश्रेष्ठांत गणला जातो. त्याची काटकसर बघून मीही हात जोडतो. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. आजकाल लग्नाच्या आमंत्रणाचं मोबाईलवर जे चित्र येतं त्याला याहून जास्त जागा लागते. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे; वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. एका साडीचे परकर, पडदे आणि पिशव्या करणाऱ्या बायकांच्या प्रदेशात मी वाढलो, त्यामुळे मला याचं कौतुक इतरांपेक्षा जास्त.

पण रसिकवर्गाच्या बाजूनं बघा. दोघांनी खेळायचं ठरवलं तर मारिओ आणि लुइजी हे दोघे भाऊ एकत्र कधी येतच नाहीत. मारिओ खेळत असतो आणि लुइजी हातात रिमोट घेऊन त्याच्या मरणाची वाट बघत बसतो. हे वाटणीच्या दाव्यासारखं झालं. आमचा दादा हुशार होता, त्यामुळे तो लवकर मरत नसे. त्याच्या मागे बसून मी जे चिंतलं ते सख्ख्या भावानं चिंतू नये. आणि पुढे सरकलेला पडदा मागे येत नाही. सुटलेलं नाणं सुटलं. नऊजण ओरडून सांगतायत की मागे वीट राहिली, तर मारिओला इच्छा असूनही परतता येत नाही. सल्ल्याचा एवढा अपमान दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल. राजकन्येचं तर विचारूच नका. आठ मुलुखांपैकी सातांच्या शेवटी, एवढी आग ओलांडून गेल्यावर, एक छत्रीवाला बुटका सांगतो की बाई इथं नाहीत, दुसऱ्या वाड्यात आहेत. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी हिंडलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? मारिओला दुसरा नंबरही देववत नाही. तिसरा.

दुसरा नंबर 'कॉन्ट्रा'. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर आला आणि १९८८ साली घरी. यात दोघे एकाच वेळी असतात, खांद्याला खांदा लावून. एक गोळी लागली की मेला, आणि जीव मोजून तीन. तीन जिवांत आमच्यातलं कुणी दुसरा टप्पा ओलांडला नव्हता. मग तो मंत्र आला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. म्हटलं की तीस जीव.

हा मंत्र मुळात 'कॉन्ट्रा'चा नव्हे. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कारागिरानं 'ग्रेडियस' हा खेळ १९८६ साली घरच्या यंत्रावर आणला. तपासायला बसला तर त्याला स्वतःलाच तो जमेना, म्हणून त्यानं ही चोरवाट ठेवली, आणि ती तशीच आत राहून गेली. हा सज्जन २०२० साली वारला. त्या दिवशी सेलूत एका माणसानं तरी मनातल्या मनात टोपी काढली हे त्याच्या घरच्यांना कळवायला हवं होतं. माझं कुतूहल वेगळंच आहे. जपानातला हा मंत्र सेलूला पोचला कसा? आमच्याकडे ना मासिक यायचं, ना फोन. शाळेच्या मागच्या बाकावरून, परतूर आणि मानवत रोडच्या पाहुण्यापोरांकडून, तोंडातोंडीच तो आला, आणि तोंडातोंडी येणाऱ्या सगळ्या वाङ्मयासारखे त्यात पाठभेद झाले. स्टेशनाकडची पोरं शेवटी 'बी ए बी ए' म्हणत. आमच्या गल्लीत एकदाच 'बी ए'. दोघांना खेळायचं तर मध्ये 'सिलेक्ट' दाबावं लागतं, हा भाग आमच्या प्रतीत गळालेला होता. तो जिंतूरहून आलेल्या एका मुलानं भरून काढला. त्या मुलाला आमच्या ओट्यावर आठ दिवस नंबराशिवाय खेळायला मिळालं.

पण 'कॉन्ट्रा' दुसराच, पहिला नाही, याला कारण धबधबा. तिसऱ्या टप्प्यात उड्या मारत वर चढायचं असतं, आणि पडदा पुढच्याबरोबर वर जातो. जो मागे राहिला तो पडद्याखाली जाऊन मरतो. शत्रूनं काही करायची गरज नाही, थोरल्या भावानं भरभर चढलं की पुरे. आमच्या दादानं माझे तीसपैकी अकरा जीव त्या धबधब्यात घालवले. पुढे तो नोकरीसाठी मुंबईला गेला तेव्हा आई रडली. मला फक्त धबधबा आठवला.

बाकीच्यांचं थोडक्यात. 'रोड फायटर' (१९८४) खेळतो एकजण, पण वळणावर अकराजण वाकतात, एवढ्यासाठी तो कपाटात पुढच्या रांगेत आहे. मात्र ज्यानं सेलूहून परभणीला कधी गाडी नेली आहे त्याला त्या रस्त्यात वास्तव सापडणार नाही. म्हैस नाही, ऊस भरलेली बैलगाडी नाही, समोरून येणारं तर कुणीच नाही. '९९,९९,९९९ खेळ एका कॅसेटीत' असं वर छापलेली जी कॅसेट आहे, तिच्यात खेळ मोजके आणि नावं अगणित. एकच खेळ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू केला की त्याला नवं नाव. पहिल्या प्रकरणाऐवजी तिसऱ्यापासून छापून नवी कादंबरी म्हणून विकावी, तसला हा उद्योग. तरी ती मी टाकत नाही. रात्री झोप आली नाही की तिची यादी वाचतो.

ब्रिक गेमवर मत द्यायचा अधिकार माझा नाही, तो घरच्या मंडळींचा. अलेक्सी पाजितनोव या मॉस्कोच्या माणसानं १९८४ साली 'टेट्रिस' रचला. चार चौकोनांच्या सात आकृत्या, वरून पडणाऱ्या, त्या खाली नीट लावायच्या. त्याची ही हातात मावणारी चिनी आवृत्ती सेलवर चालते, म्हणून लाइट गेली तरी बंद पडत नाही. आमच्या भागात लोडशेडिंगची वर्षं होती तेव्हा अंधारात फक्त त्याचा टुकटुक आवाज यायचा आणि ती कुठे बसली आहे ते कळायचं. तिचा विक्रम माझ्या चौपट आहे. पण ती याला खेळ मानत नाही. "अहो, यात काय खेळायचं? मांडणीतले डबे लावायचेच आहेत," म्हणते. तिनं भरलेली ट्रंक आजवर दुसऱ्या कुणालाही रिकामी करून पुन्हा बंद करता आलेली नाही, हे लक्षात घेता मत अधिकारवाणीचं आहे.

आता बंदूक. 'डक हंट' (१९८४) म्हणजे गवतातून बदक उडतं आणि आपण टीव्हीवर बंदूक रोखून त्याला मारायचं. तीन गोळ्या. चुकलो की एक कुत्रा गवतातून डोकं काढून हसतो. या कुत्र्याला गोळी घालता येत नाही याचा राग जगभरच्या मुलांनी तीस-चाळीस वर्षं पाळला आहे.

या बंदुकीतली गंमत मला फार उशिरा कळली. तिच्यातून काहीच सुटत नाही. चाप ओढला की टीव्ही पापणी लवते तेवढा वेळ काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी तेवढा एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत एक डोळा आहे. त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक पडलं. म्हणजे नेम धरणारे आपण आणि गोळी झाडणारा टीव्ही. ते आधीचं काळं दिसावंच लागतं, नाहीतर दिव्याकडे बंदूक रोखून कुणीही शिकारी झाला असता.

आमच्या आईला हा खेळ मंजूर नव्हता. चुलीपुढून उठून यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "कामून मारायलास रे त्याला? काय केलंय त्यानं तुझं?" बदक निसटलं की तिला बरं वाटायचं, आणि कुत्रा हसला की तीही हसायची. नऊजणांच्या रसिकवर्गात बदकाच्या बाजूचं एकच माणूस होतं. मग कधीतरी, बंदूक दादाच्या हातात असताना, खाली पडलेल्या रिमोटवर कुणाचा तरी गुडघा पडला आणि बदक वळलं. एका बदकाच्या खेळात दुसऱ्याला रिमोटनं बदक उडवता येतं, ही सोय मूळ खेळातच होती, आम्हाला कुणी सांगितली नव्हती. दादा म्हणाला, "आई, घे. वाचव तुझं बदक." आईनं पदराला हात पुसून रिमोट घेतला. दोन दिवसांत तिला ते असं साधलं, की बदक पडद्याच्या पार वरच्या कोपऱ्यात नेऊन तिथं घुटमळवत ठेवायची आणि तीन गोळ्या संपल्या की आरामात पाठवून द्यायची. दादा एवढा हुशार, तो तिच्यापुढे कधी जिंकला नाही. 'डक हंट'वर जगात पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते सगळं शिकाऱ्याच्या बाजूनं. माझं मत असं की हा खेळ बदकाचा आहे. बंदूकवाला त्यात अडचण म्हणून घातलेला आहे.

आई आता ऐंशीची आहे. मोबाईलचा पडदा तिला दिसत नाही, भिंतीवरच्या मोठ्या सपाट टीव्हीवर सगळं दिसतं, पण त्या टीव्हीवर ही बंदूक चालत नाही. भाच्यानं शास्त्रशुद्ध कारण सांगितलं. सपाट टीव्हीला चित्र मांडायला किंचित उशीर लागतो, आणि बंदुकीच्या डोळ्याला तेवढाही धीर नाही. त्याला जुना, पोट सुटलेला, ट्यूबवालाच टीव्ही लागतो. तसा एक आमच्याकडे आहे, एकवीस इंची. परभणीच्या मेकॅनिकनं त्याला मागून उघडून बघितलं आणि पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घ्यावं तसं मला बाजूला घेतलं. "काका, ट्यूब उतरायलीय. अजून वरीस, दीड वरीस. नवी आता मिळत नाही." म्हणून हल्ली मी भंगारवाल्यांशी गोड बोलून आहे. सेलूत दोघांना सांगून ठेवलंय, की ट्यूबवाला टीव्ही आला तर फोडायच्या आधी मला हाक मारा. त्यातल्या एकानं विचारलं, "काय करता सायेब त्याचं?" म्हटलं, आईला बदक उडवायचंय. त्यानं पुढे काही विचारलं नाही. भावात मात्र सूट दिली नाही.

राहिला पहिला नंबर. 'बॅटल सिटी', नामको कंपनी, १९८५. हे नाव आमच्या गावात घेतलंत तर कुणी ओळखणार नाही. 'टँक' म्हणा, पंचेचाळीस ते पन्नासमधला कोणताही बाप्या हातातलं काम खाली ठेवील. एका टप्प्यात वरच्या बाजूनं वीस शत्रू येणार. खाली मधोमध विटांच्या भिंतीत आपला गरुड. त्याला आम्ही कोंबडी म्हणायचो. कोंबडी मेली की तुमचे जीव कितीही शिल्लक असोत, खेळ खलास. दोघे भाऊ एका वेळी मैदानात, पडदा कुणासाठीही सरकत नाही, कुणी मागे राहत नाही. सगळं गाव एका नजरेत दिसतं, त्यामुळे मागच्या नऊजणांना नऊ कामं मिळतात. "उजवीकडून आला!", "लुकलुकणारा मार, त्यात चीज आहे!", "कोंबडीपाशी कोण थांबायलंय?" अकराच्या अकराजण लढाईत.

भावाभावांच्या संबंधाचं इतकं खरं चित्रण मी इतरत्र बघितलेलं नाही. तुमची गोळी भावाला लागली तर तो मरत नाही. जागच्या जागी खिळतो आणि थोडा वेळ लुकलुकत राहतो. बोलता येत नाही, हलता येत नाही, शत्रू मात्र येत असतो. रागाच्या भरात द्यावी आणि तेवढ्यातच संपावी अशी शिक्षा. दादानं धबधब्यात घेतलेल्या अकरा जिवांची फेड मी इथं हप्त्यानं केली. आणि आपली गोळी कोंबडीलाही लागते. पस्तीस टप्प्यांच्या त्या खेळात आमच्या बहुतेक कोंबड्या शत्रूच्या गोळीनं मेल्याच नाहीत. तिला वाचवायला म्हणून दोघे एकदम धावायचो आणि दोघांतल्या एकाची गोळी सुटायची. कुणाची, यावर वाद अजून मिटलेला नाही. गेल्या महिन्यात फोनवर पुन्हा निघाला.

शिवाय यात आपलं मैदान आपण रचायची सोय आहे. तेरा बाय तेरा घरं. त्यात वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ, काय हवं ते भरा. बर्फ सेलूला कुणी वापरला नाही. पण बाकीच्यात आम्ही गाव बसवायचो: पाण्याची दुधना, झाडीतलं मंदिर, विटांची जिनिंग. खेळ बंद केला की हे गाव पुसलं जायचं, कारण आठवणीत ठेवायची शक्ती त्या कॅसेटीत नाही. लाइट गेली की सेलू गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून बांधायचं, आणि पुन्हा बांधताना नदी कधी एक घर अलीकडे यायची, कधी पलीकडे.

भाचा जायच्या आदल्या रात्री मी हे त्याला दाखवलं. आधी तो उभ्यानंच बघत होता. मग म्हणाला, "मामा, दुधना इतकी जवळ कुठंय?" आणि खाली बसून त्यानं दुसरा रिमोट ओढला. आई पलंगावरून म्हणाली, स्टेशन राहिलं. शेजारची दोन पोरं आवाज ऐकून दारात येऊन थांबली होती, त्यांनी नंबर लावला. त्यातल्या धाकट्याचं म्हणणं, रेल्वेची पट्टी पोलादाची हवी, फुटता कामा नये. भाच्याचं म्हणणं, विटांचीच हवी, नाहीतर स्टेशनापलीकडच्यांनी गावात यायचं कुठून? रात्री साडेअकरापर्यंत त्याचा निकाल लागला नव्हता, आणि त्याची गाडी पहाटेची होती.